एक झाड, सहा नावं : हा कुडा नेमका कोणता?

प्रश्न : नमस्कार ताई, गेल्या रविवारी आम्ही अंजनेरीला गेलो होतो, पायथ्याच्या वाटेवर एक लहानसं झाड पांढऱ्या फुलांनी नुसतं भरलेलं दिसलं. मुलाने एक पान तोडलं तर देठातून दुधासारखा चीक आला. सासूबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या, त्यांनी फोटो बघून लगेच सांगितलं की हा कुडा, याच्या फुलांची भाजी होते आणि पाळ, म्हणजे मूळ, जुलाबावर देतात. मोबाईलवरचं ॲप म्हणतं रायटिया टिंक्टोरिया. सोसायटीतल्या गुजराती काकू म्हणाल्या दुधलो, समोरच्या बंगाली वहिनी म्हणाल्या ही तर आमची कुरची, ऑफिसातली केरळची मैत्रीण म्हणाली दंतपाला. झाडावर मागच्या वर्षीची एक वाळकी शेंग लटकत होती, तिच्यातलं बी गावातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात दाखवलं तर ते म्हणाले इंद्रजव. आता यातलं खरं नाव कोणतं? आणि सासूबाई म्हणतात तसं पाळ माझ्या पाच वर्षांच्या मुलाला जुलाब झाले तर उगाळून देऊ का? पाच फोटो पाठवतेय.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते थांबू शकत नाही. नाही, देऊ नका. का ते खाली सविस्तर येईलच, पण हे वाचून तुम्ही फोन बाजूला ठेवलात तरी एवढं लक्षात राहू दे.

आता झाड. तुमच्या पाच फोटोंपैकी चार सुंदर आहेत, पण कामाचा आहे तो तिसरा, ज्यात मुलाने फूल बोटांत धरलंय आणि तुम्ही अगदी जवळून काढलाय. त्यात पाच पांढऱ्या पाकळ्या दिसतात, आणि मधोमध, जिथे पाकळ्या नळीला मिळतात तिथे, पांढऱ्या बारीक दोऱ्यांची झालर दिसते, जशी जुन्या उशीच्या अभ्र्याला कडेने लावलेली असायची तशी. त्या झालरीतून परागकोशांचा एक टोकदार शंकू वर आलेला आहे. ही झालर आणि हा शंकू दिसला की बाकी काही बघायची गरज नाही, हा काळा कुडा. ॲपने दिलेलं नाव बरोबर आहे, सासूबाईंचंही बरोबर आहे, फक्त सासूबाईंचं नाव अर्धं आहे, कारण आपल्याकडे कुडा एक नाही, निदान तीन आहेत.

दुसरा म्हणजे पांढरा कुडा, शास्त्रीय नाव होलॅरेना प्युबेसन्स. लांबून बघाल तर काळ्याचा सख्खा भाऊ वाटेल, तसाच लहान वृक्ष, तशीच समोरासमोर पानं, तोच पांढरा चीक, तशाच जोडीने लटकणाऱ्या हातभर लांब बारीक शेंगा आणि फुलंही पांढरीच. पण फूल हातात घेऊन त्याच्या तोंडात बघितलं तर झालर नाही, शंकू नाही, पाकळ्यांच्या खाली एक सडपातळ नळी आणि परागकोश त्या नळीच्या तळाशी लपलेले, ते बाहेरून दिसतच नाहीत, बघायचे तर नखाने नळी उभी चिरावी लागते. पानातही फरक आहे. पांढऱ्या कुड्याचं पान मोठं, रुंद, देठ जवळजवळ नाहीच आणि शिरा इतक्या ठसठशीत की पाठीवरून बोट फिरवलं तर मोजता येतात. काळ्याचं पान त्यामानाने अरुंद, टोकाला निमुळतं, आणि वाळलं की काळपट निळसर पडतं. या पानांत खरोखर नीळ असते. टिंक्टोरिया म्हणजे रंगाऱ्याच्या कामाचं, आणि विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञाने कंपनीच्या काळात दक्षिणेत याच पानांपासून नीळ काढण्यावर बरंच काम केलं होतं.

तिसरा तांबडा कुडा. त्याची पानं मखमलीसारखी लवदार, फुलातली झालर केशरी, वास मात्र नकोसा, चीक पिवळट, आणि दोन शेंगा एकमेकींना पूर्ण चिकटून एकच जाड शेंग वाटते. तो एकदा बघितला की बाकीच्या दोघांशी गल्लत होत नाही, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

गल्लत होते ती पांढऱ्या आणि काळ्यामध्ये, आणि ती आज होत नाहीये, शेकडो वर्षं होतेय.

आता तुमच्या शेजारणींकडे येऊ, कारण प्रत्येकीने जे सांगितलं त्यात काहीतरी खरं आहे आणि मला हा भाग फार आवडतो. गुजराती काकूंचा दुधलो बरोबर, तो काळा कुडाच. हिंदीतही याला दुधी म्हणतात. कर्नाटकात हाले किंवा आले, हालु म्हणजे दूध. केरळच्या मैत्रिणीचा दंतपाला हाही काळा कुडाच, आणि त्यातला पाला म्हणजे आपला झाडपाला नव्हे बरं का, मल्याळम-तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. तिकडे चीक येणाऱ्या कितीतरी झाडांच्या नावात हे पाला-पालै येतं, आपल्या सातविणीला तमिळमध्ये एळिलैप्पालै म्हणतात, म्हणजे सात पानांचं दुधाचं झाड. काळ्या कुड्याला तमिळमध्ये वेप्पालै, पांढऱ्याला मल्याळममध्ये कुडकप्पाला, तेलुगूमध्ये पालकोडिश. म्हणजे बघा, गुजरातपासून केरळपर्यंत लोकांनी पान तोडलं, चीक बघितला आणि दुधावरून नाव ठेवलं, तुमच्या मुलाने अंजनेरीला जे केलं तेच. फक्त दूध दोन्ही झाडांना येतं, त्यामुळे नावात नुसतं दूध असून झाड ठरत नाही, त्याला जोडलेला दुसरा शब्द बघावा लागतो.

बंगाली वहिनींची कुरची मात्र वेगळी. कुरची म्हणजे पांढरा कुडा. त्यांची चूक अगदी समजण्यासारखी आहे, लांबून काढलेल्या फोटोत मलाही सांगता आलं नसतं. कुरची, आपला कुडा, हिंदीतला कुडा-कुरैया, कन्नडमधला कोडसिगे, तेलुगूतला कोडिश, मल्याळममधला कुडकप्पाला, ही सगळी नावं मोठ्याने एकापाठोपाठ म्हणून बघा, एकाच घरातली आहेत हे कानाला कळतं. संस्कृतमध्ये कुटज. कूट म्हणजे डोंगराचं शिखर, तिथे जन्मलेला तो कुटज असा अर्थ लावतात, आणि त्याचं दुसरं नाव आहे गिरिमल्लिका, डोंगरातली मोगरी. ज्याने हे नाव ठेवलं त्याने हे झाड मे-जूनमध्ये डोंगरउतारावर बघितलं असणार यात मला शंका नाही. कर्नाटकात कोल्लूरजवळ कोडचाद्री नावाचा डोंगर आहे, तो कुटजाद्री, म्हणजे कुड्याचा डोंगर. आणि मेघदूतात यक्ष रामगिरीवर, ज्याला आपण नागपूरजवळचं रामटेक मानतो, ढगाला पहिलं अर्घ्य देतो ते ताज्या कुटजाच्या फुलांचंच. त्याला तिथे गुलाब-कमळ शोधत जावं लागलं नाही, आषाढाच्या तोंडावर आपल्याकडच्या डोंगरात जे हाताशी फुललेलं असतं तेच त्याने ओंजळीत घेतलं. हरसूलच्या रस्त्याला पहिल्या पावसात कुडा फुललेला दिसला की मला दर वर्षी हे आठवतं.

राहिला इंद्रजव. दुकानदाराने सांगितलेलं हे झाडाचं नाव नाहीच मुळी, ते बियांचं नाव आहे. अमरकोशात कुटज हे झाड आणि इंद्रयव हे त्याचं फळ असं स्पष्ट वेगळं दिलंय. यव म्हणजे जव, बी दिसतंही तसं बारीक लांबट, आणि एका टोकाला रेशमी केसांचा झुबका, वाऱ्यावर उडून जाण्यासाठी. पुढे बाजारात दोन इंद्रजव झाले, कडू आणि गोड. कडू इंद्रजव पांढऱ्या कुड्याचा, त्याचा झुबका तपकिरीकडे झुकणारा, आणि बी इतकं कडू की जिभेवरून चव जाता जात नाही. गोड इंद्रजव काळ्या कुड्याचा, झुबका पांढराशुभ्र, बी फारसं कडू नाही. तुम्ही दाखवलंत ते गोड इंद्रजव. दुकानदाराने नुसतं इंद्रजव म्हटलं आणि तुम्ही नुसतं ऐकलंत, इथेच घोळ सुरू होतो.

आणि आता पाळ का द्यायचं नाही ते. आयुर्वेदात आव, विशेषतः रक्ती आव पडते तिच्यावर ज्या कुड्याची साल वापरतात तो पांढरा कुडा. कुटजारिष्ट, कुटजघन वटी यांतला कुटज तोच. त्याच्या सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड असतं आणि आवेच्या जंतूंवर ते काम करतं म्हणून पूर्वी डॉक्टरसुद्धा ते वापरायचे. काळ्या कुड्याची साल त्या कामाची नाही. पण ती दिसायला जवळची, झाड सहज सापडणारं, त्यामुळे बाजारात पांढऱ्याच्या नावावर काळ्याची साल खपवणं फार जुनं आहे, इंग्रजांच्या काळात ही साल युरोपात जायची तेव्हाही भेसळीमुळे औषधाचंच नाव खराब झालं होतं.

आमच्या घरात हे घडलंय म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. मी कॉलेजात असताना वडिलांना आव झाली, एका ओळखीच्या माणसाने कुड्याची साल म्हणून गाठोडं आणून दिलं, आईने चार दिवस रोज सकाळी काढा करून दिला, वडील रोज डोळे मिटून पीत होते आणि रोज खंगत होते, शेवटी दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागली. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या माणसाला विचारून ते झाड बघायला गेले. ऐन फुलात होतं. एक फूल उचललं, उलटसुलट केलं, तोंडात बघितलं, पांढरी झालर. त्या माणसाने फसवलं नव्हतं, त्यालाही ते कुडाच म्हणून माहीत होतं. नाव बरोबर होतं आणि झाड चुकलं होतं. तेव्हापासून मी कोणाही माणसाला नुसतं नाव ऐकून झाड सांगत नाही, आधी फूल मागते.

मुलाला जुलाब झाले तर ओआरएस पाजत राहा, नसेल तर घरचं मीठ-साखर-पाणी, आणि शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं की लगेच डॉक्टर. खरा पांढरा कुडा सापडला तरी पाच वर्षांच्या पोराला किती द्यायचा हे वैद्यानेच ठरवायचं, आपण अंदाजाने उगाळायचं नाही. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका हं. त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाईने पाळ काढलं तिला नेमकं झाड माहीत होतं, बांध माहीत होता, ती कोणाला विचारायला जात नव्हती. ती बाई आता आपल्याबरोबर नाही, नुसतं नाव आपल्यापाशी राहिलंय.

भाजीची गोष्ट वेगळी. फुलांची भाजी पेठ-हरसूलकडे खरंच करतात, माझी आजी फुलं निवडून उकडायची, पाणी पिळून टाकायची, मग कांदा, हिरवी मिरची, थोडं तेल आणि वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, नाचणीच्या भाकरीबरोबर. किंचित कडवटपणा राहतोच आणि तोच हवा असतो. सासूबाईंना एकदा विचाराच की त्या कोणत्या कुड्याची फुलं घ्यायच्या, झालरीच्या की बिनझालरीच्या. उत्तर मला नक्की कळवा, गावोगावचं वेगळं असतं आणि हे कुठे नोंदवून ठेवलेलं फार कमी सापडतं.

आणखी एक काम सांगते. पावसाळा सरला की त्याच झाडापाशी परत जा. काळ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात आणि कोवळ्या असताना दोघींची टोकं खाली एकमेकींना चिकटलेली असतात, मधे पोकळी, जणू कोणी हिरव्या तारेचा लांबट झुला टांगलाय. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा पहिल्यापासून सुट्या, आपापल्या लोंबतात. फुलं नसली तरी यावरून ओळख पटते. मुलाला घेऊन जा, पण फांदी नका तोडू देऊ, अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथलं काहीच तोडायचं नसतं. खाली पडलेलं फूल बघायला पुरतं.

प्रश्न : ताई, नर्सरीतून मी कुटज म्हणून एक झुडूप आणलं, लेबलवर रायटिया अँटिडिसेंटेरिका लिहिलंय. कुंडीत बारा महिने पांढरी चांदणीसारखी फुलं येतात. अँटिडिसेंटेरिका म्हणजे आवेवरचं, मग हाच औषधी कुडा ना?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही, आणि तुमचा प्रश्न आला हे फार बरं झालं, कारण वरच्या उत्तरावरून असं वाटेल की बोलीतली नावं घोळ घालतात आणि शास्त्रीय नाव आलं की मिटलं. तसं नाही. तुमच्याकडचं झुडूप श्रीलंकेचं आहे, तिथे त्याला इद्दा म्हणतात, आणि ते आपल्या रानात आपोआप येत नाही. झालं असं की लिनिअस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाच्या काळात आवेवरचं म्हणून जे लॅटिन नाव दिलं गेलं ते मुळात या श्रीलंकेच्या झाडाला होतं, पण औषध मात्र आपल्या पांढऱ्या कुड्याचं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं पांढऱ्या कुड्यालाच होलॅरेना अँटिडिसेंटेरिका म्हणत राहिले. आयुर्वेदाच्या पुस्तकांत आणि औषधाच्या बाटल्यांवर आजही तेच छापलेलं दिसेल. चूक लक्षात आल्यावर पांढऱ्या कुड्याचं नाव प्युबेसन्स झालं, पण नर्सरीतलं लेबल वाचून माणूस त्याच जुन्या घोळात पडतो. होलॅरेना आणि रायटिया हे एकाच कुळातले दोन वंश वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८१० साली वेगळे काढले, ते कशावरून, तर याच फुलाच्या आतल्या रचनेवरून. दोनशे वर्षांपूर्वी त्यानेही फूल फाडूनच बघितलं होतं. रायटिया हे नाव त्याने विल्यम राइट या स्कॉटिश डॉक्टरवरून ठेवलं.

कुंडीतल्या फुलात बघा, झालर दिसेल. झुडूप सुंदर आहे, ठेवा, ऊन आणि पाणी द्या, फक्त पोटात घेऊ नका.

प्रश्न : आमच्या इगतपुरीकडे जुन्या घरांना कुडाच्या भिंती असायच्या, त्या याच कुड्याच्या का?
— एक वाचक, घोटी

उत्तर : नाही हो, तो कूड वेगळा. भिंतीचा कूड संस्कृतमधल्या कुड्य या शब्दाचा, कुड्य म्हणजे भिंतच, आणि आपल्याकडे तो बहुतेक कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणमातीचा गिलावा. झाडाचा कुडा कुटजाचा. काळ्या कुड्याचं लाकूड भिंतीत घालावं असं नाहीच, ते पांढरं, मऊसूत, एकसारख्या पोताचं, लेथवर लोण्यासारखं उतरतं, म्हणून त्याचे कंगवे, डब्या आणि खेळणी करतात. चन्नपट्टणची लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी आणि आंध्रातली एटिकोप्पाकाची खेळणी याच लाकडाची, तिकडे त्याला अंकुडु म्हणतात. तुमच्या घरात जुना रंगीत भोवरा किंवा बाळाचा खुळखुळा असेल तर रंग उडालेल्या जागी लाकूड बघा, हस्तिदंतासारखा रंग असेल तर तो काळा कुडा असण्याची बरीच शक्यता आहे.